निवृत्त फौजीच्या पार्थिवावर घरच्यांनी तिरंगा घालावा का?

माणदेशी:
आमच्या गावातले एक निवृत्त हवालदार वारले. मुलांनी दुकानातून तिरंगा आणून तिरडीवर घातला, वर हारांचा ढीग. सरणावर ठेवायची वेळ आली तरी झेंडा तसाच. एका माजी सैनिकाने तो काढायला लावला, तर स्मशानातच बाचाबाची.

माझं मत स्पष्ट आहे. घरच्यांनी परस्पर तिरंगा घालू नये. राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ मध्ये झेंडा असा पांघरणं अवमानात मोडतं. सूट फक्त शासकीय इतमामातल्या आणि सैन्यदलं, निमलष्करी दलांच्या अंत्यसंस्काराला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. दुःख खरं असलं तरी तिरंगा ही घरातली शाल नव्हे.

रानजाई:
अजिबात पटलं नाही. माझे वडील १९७१ ला पूर्व आघाडीवर होते. तो माणूस पेन्शनीत घरी गेला म्हणजे झेंड्याशी त्याचं नातं संपलं का? २०२२ ला शिवाजी पार्कवर लतादीदींच्या पार्थिवावर तिरंगा होता आणि तो योग्यच होता. पण मान कुणाला द्यायचा हे सरकार ठरवणार, आणि ज्याने बर्फात पहारे दिले त्याच्या पोरांना कायद्याचं कलम दाखवणार? हे मला सहन होत नाही.

सुभेदार (निवृत्त):
ताई, तुमच्या वडिलांना सलाम. पण मी जवानांच्या अंत्यसंस्काराला तुकडीसोबत उभा राहिलेला माणूस आहे, म्हणून सांगतो. केशरी पट्टा डोक्याकडे, हे पहिलं. पुष्पचक्रं आम्ही शवपेटीजवळ ठेवायचो, झेंड्यावर नाही. अग्नी देण्याआधी झेंडा उतरवायचाच. ध्वज संहितेत साफ लिहिलंय की तो कबरीत जाऊ द्यायचा नाही आणि चितेत जाळायचा नाही.

मग घडी. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, पांढरा असा दुमडायचा की अशोकचक्र वर राहील आणि केशरी-हिरव्याची थोडी कड दिसेल. ती घडी दोन्ही तळव्यांवर घेऊन अधिकारी वीरपत्नीकडे किंवा आईकडे देतो. त्या वेळी आईचे हात कसे थरथरतात ते मी पाहिलंय. अंत्यसंस्काराच्या गर्दीत हे शिकलेलं कुणी नसेल, तर त्याच झेंड्याची हेळसांड होते.

कलमवाला:
दोन गोष्टी. हारफुलांबद्दल संहितेत जे आहे ते ध्वजस्तंभाबद्दल आहे, की त्यावर किंवा त्याच्या टोकाच्या वर फुलं, हार ठेवू नयेत. पार्थिवावरच्या झेंड्याचा तिथे वेगळा उल्लेख नाही, त्यामुळे हार घातला म्हणून कुणाला गुन्हेगार ठरवू नका. सुभेदार साहेब सांगतात ती रीत मात्र पाळावी, कारण ती चांगली आहे. दुसरं, २००४ च्या नवीन जिंदल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिरंगा सन्मानाने फडकवणं नागरिकाचा हक्क मानला. पांघरणं हा वेगळा विषय, तिथे १९७१ चा कायदाच लागू.

रानजाई:
म्हणजे माझा बाप गेला तर मी काय करू? साधी चादर घालू?

माणदेशी:
त्यांची पदकं छातीवर लावा, रेजिमेंटची टोपी ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि जवळच्या माजी सैनिक संघटनेला लगेच कळवा. गावातले सगळे फौजी गणवेशाच्या टोपीत येऊन एका रांगेत सॅल्यूट करतात, हे मी पाहिलंय. त्यात कमीपणा कुठे आहे?

न्यूजर्सीकर:
इथे अमेरिकेत सन्मानाने सेवा संपवून निवृत्त झालेल्याच्या घरच्यांनाही सरकार ध्वज मोफत देतं. अर्ज भरून पोस्टातून घेता येतो. तोही कबरीत जाऊ देत नाहीत, घडी करून वारसांकडेच येतो.

रानजाई:
मग हेच मागू या ना! माजी सैनिक वारला की तहसीलदारामार्फत तिरंगा यावा, सोबत घडी करणारा माणूस यावा. नियम मला नको आहेत असं नाही. त्यांत माझ्या वडिलांना जागा नाही, हे माझं भांडण आहे.

माणदेशी:
या मागणीवर पहिली सही माझी. पण ती मान्य होईपर्यंत दुकानातून आणलेला झेंडा तिरडीवर नको, यावर मी ठाम आहे.

सुभेदार (निवृत्त):
माझीही सही घ्या. आमच्या तालुक्यातल्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत हा विषय मीच मांडतो.