विषय: जर्मनीसाठी एजंट साडेचार लाख मागून राहिला, द्यावे का?

प्रेषक: प्रतापनगर, नागपूर

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीतल्या तुमच्या मंडळाचा सभासद नाही. भाची तुमच्याकडे आहे, तिने या ई-मेल यादीवर विचारून पाहा म्हटलं म्हणून लिहून राहिलो. मुलगा मेकॅनिकल इंजिनीअर, २०१९ ची पदवी, नागपूर विद्यापीठाची. बुटीबोरीला एका कारखान्यात डिझाइनला आहे. सूनबाई बी.एस्सी. नर्सिंग, इथल्याच एका हॉस्पिटलात. दोघांनीही जर्मनीचं मनावर घेतलं आहे.

परवा आम्ही तिघं एका कन्सल्टन्सीत गेलो. थंडगार एसी, भिंतीवर बर्लिनचा फोटो, फाइल उघडायच्या आधीच चहा. त्यांचं म्हणणं, अपॉर्च्युनिटी कार्डाचं, म्हणजे तिकडे जाऊन नोकरी शोधायच्या परवान्याचं, पूर्ण पॅकेज साडेचार लाखांत. त्यात गुण मोजून देणं, सगळ्या कागदांचं अपॉस्टील (परदेशात कागद खरा धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का), अपॉइंटमेंट, तिकडे गेल्यावर इंटरव्ह्यूसाठी मदत. भारताचा व्हिसांचा कोटा नव्वद हजार झाला आहे, तो भरत आला, म्हणून निम्मे पैसे याच महिन्यात भरा म्हणे. पोराची आई म्हणते, भरून टाका, एकदाचं होऊन जाईल. मला पटत नाही. पण का पटत नाही ते घरी समजावून सांगता येत नाही.

कोणी जाणकाराने दोन शब्द लिहावे.

प्रेषक: श्टुटगार्ट

काका, नमस्कार. माझं माहेर धरमपेठचं, म्हणून जरा हक्काने लिहिते. आत्ता एक रुपयाही देऊ नका.

त्या साडेचार लाखांचा हिशेबच करू या. गुण मोजायचे कशाला? जर्मनीत ज्याची पदवी पूर्ण मान्य आहे, त्याला अपॉर्च्युनिटी कार्डासाठी गुण लागतच नाहीत. पदवी अर्धवट जुळते किंवा फक्त भारतातच मान्य आहे, अशांसाठी ती सहा गुणांची पद्धत. तुमच्या मुलाची पदवी कुठल्या खान्यात बसते हे घरबसल्या फुकट कळतं. अनाबिन नावाचा सरकारी डेटाबेस आहे, त्यात दोन गोष्टी पाहायच्या: विद्यापीठासमोर एच प्लस, म्हणजे मान्यतेची खूण, आहे का, आणि ती पदवी समकक्ष म्हणून नोंदलेली आहे का. शोधताना कॉलेजचं नाव टाकू नका, पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं टाका. आणि ‘नागपूर’ एवढंच शोधलंत तर गोंधळ होईल, २००५ पासून विद्यापीठाच्या नावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आहेत. दोन्ही जुळलं तर त्या पानांचे प्रिंट काढून ठेवा. नाही जुळलं तर बॉनच्या कार्यालयाकडून पदवीचं मूल्यांकन करून घ्यायचं, त्याची फी २०८ युरो.

आता अपॉस्टील. हे वाचून मला हसू आलं आणि रागही आला. अपॉस्टीलच्या करारात भारत २००५ ला सामील झाला, पण जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत घेतलेली आहे, त्यामुळे या दोन देशांमध्ये ते चालतच नाही. वकिलातीला एखाद्या कागदाची शंका आली तर ते आपल्या वकिलामार्फत तो तपासून घेतात. म्हणजे प्रत्येक मार्कशीटमागे तो शिक्का मारून देणारा माणूस तुम्हाला पान रंगवून देतोय.

अपॉइंटमेंटही विकत घ्यायची गोष्ट नाही. जर्मनीच्या वर्क व्हिसाचा अर्ज २०२५ पासून ऑनलाइन भरता येतो, व्हिसाची फी ७५ युरो. आपला महाराष्ट्र मुंबईच्या वकिलातीत येतो, तेव्हा एकदा विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काढावं लागेल, तेवढंच. नव्वद हजारांचं म्हणाल तर ती घोषणा खरी आहे, ऑक्टोबर २०२४ मधली, आधीचा आकडा वीस हजार होता. पण ती रेशनच्या दुकानाची रांग नाही की आज पैसे टाकले नाहीत तर साखर संपली.

एक प्रश्न त्यांना नक्की विचारा: तुम्ही नोकरी देणार का? हो म्हणाले, तर परदेशी नोकरभरतीच्या १९८३ च्या कायद्याखाली त्यांच्याकडे परवाना हवा. तो ई-मायग्रेट या सरकारी साइटवर नावानिशी दिसतो, आणि परवानाधारक एजंटलाही उमेदवाराकडून ३० हजार अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. नाही म्हणाले, फक्त फॉर्म भरून देतो म्हणाले, तर मग फॉर्म भरायचे साडेचार लाख का?

माझं मत असं की तुमच्या मुलाने अपॉर्च्युनिटी कार्ड आधी धरूच नये. नोकरी नागपुरात बसून शोधावी आणि ब्लू कार्डावर, म्हणजे पदवीधरांना हातात नोकरी असल्यावर मिळणाऱ्या परवान्यावर, यावं. इंजिनीअर लोक तुटवड्याच्या यादीत येतात, त्यांना २०२६ साठी वर्षाचा पगार किमान ४५,९३४ युरोंच्या थोडा वर असला की पुरतं. बाकीच्यांना ५०,७०० लागतो. ब्लू कार्डाचा खरा फायदा सूनबाईंना आहे. बायकोला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्याबरोबर काम करायची मुभा मिळते. कायमचा परवाना २७ महिन्यांत, आणि बी-वन, म्हणजे मधल्या पायरीचं, जर्मन झालं असेल तर २१ महिन्यांत. कंपनी तयार असेल तर तिला जलद प्रक्रियेचं विचारा. ती ४११ युरो भरून इथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून काम पुढे सरकवते. तो अर्ज कंपनीच करते, एजंटला त्यात जागा नाही.

जाता जाता एक. लग्नानंतर सूनबाईंचं नाव पासपोर्टवर बदललंय का? मार्कशीटवर आडनाव आधी, शेवटी वडिलांचं नाव. पासपोर्टवर मधे नवऱ्याचं. इथल्या ऑफिसातल्या बाईंना ही दोन वेगळी माणसं वाटतात. महानगरपालिकेतली लग्नाची नोंदणी आणि नावबदलाचं राजपत्र आत्ताच हाताशी ठेवा. माझ्या नवऱ्याला तर इथलं ऑफिस अजूनही सासऱ्यांच्या नावाने हाक मारतं, कारण पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात दोन्ही नावं आहेत.

प्रेषक: हॅनोव्हर

ताई, बाकी सगळं मान्य, पण ‘नागपुरात बसून शोधावी’ हे तुम्ही आयटीच्या माणसाला सांगा. आयटीवाल्याला इंग्रजीवर ऑफर येते. त्याला डिग्री नसली तरी तीन वर्षांच्या अनुभवावर ब्लू कार्ड मिळू शकतं. मेकॅनिकलवाल्याला प्लांटमध्ये फोरमनशी बोलावं लागतं, आणि फोरमन इंग्रजी बोलत नाही. मी पुलगावचा, मी अपॉर्च्युनिटी कार्डावरच आलो. भारतातून पाठवलेल्या अर्जांना ‘मनःपूर्वक आभार, पण’ याच्या पलीकडे उत्तर आलं नाही. इथे आल्यावर एका छोट्या कंपनीने चाचणीसाठी बोलावलं. या कार्डावर एका ठिकाणी दोन आठवडे असं काम करता येतं. त्या दोन आठवड्यांत माझं ड्रॉइंग त्यांनी पाहिलं आणि करार दिला. सोबत आठवड्याला २० तास दुसरं कामही करता येतं, मी गोदामात केलं.

पण काका, हे कार्ड म्हणजे स्वस्तातला रस्ता नाही बरं का. २०२५ च्या हिशेबाने महिन्याला १०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ ब्लॉक खात्यात दाखवावे लागतात. पैसे तुमचेच, पण दर महिन्याला तेवढेच हातात येतात आणि म्युनिकसारख्या शहरात ते खोलीतच जातात. घरमालक आधी पगाराची पावती मागतो, आणि नोकरी शोधणाऱ्याकडे तीच नसते. आणि कार्ड एकच वर्षाचं. म्हणून जो बी-वन करून येतो त्यानेच यावं. ए-वनवर, म्हणजे पहिल्याच पायरीवर, येऊन इथे क्लास लावू म्हणणारे वर्षभर क्लासच करत राहतात.

प्रेषक: श्टुटगार्ट

भाऊ, मान्य. मेकॅनिकलला भाषा लागतेच. मग असं म्हणू या, सहा-आठ महिने बी-वन आणि अर्ज दोन्ही नागपुरातून, बुटीबोरीचा पगार चालू ठेवून. त्यानंतरही ऑफर नाही आली तर कार्ड. राजीनामा देऊन जर्मन शिकणं मला अजिबात मंजूर नाही.

प्रेषक: प्रतापनगर, नागपूर

तुम्हा दोघांचे फार उपकार. रात्री पोराने अनाबिन उघडलं. विद्यापीठ सापडलं, पदवीही सापडली, प्रिंट काढले. आज सकाळी मी त्या कन्सल्टन्सीत फोन करून ई-मायग्रेटचा परवाना क्रमांक विचारला. ‘सर, आम्ही एज्युकेशनमध्ये आहोत’ म्हणाले. परवापर्यंत नोकरी लावून देणारे होते.

आता सौ. म्हणून राहिली की जर्मनीची भाषा एवढी कठीण तर लंडन, अमेरिका का नाही. शेजारचा मुलगा केअरच्या कामावर लंडनला गेला म्हणे. आणि सूनबाईंच्या नर्सिंगचं काय?

प्रेषक: फ्रँकफर्ट

काका, नर्सिंगमध्ये मी आहे म्हणून तेवढंच सांगते. इंजिनीअरला पदवी जुळली की काम सुरू करता येतं, नर्सला राज्याच्या कार्यालयाकडून व्यवसायाची मान्यता घ्यावी लागते. त्याला साधारण बी-टू, म्हणजे बी-वनच्या पुढच्या पायरीचं, जर्मन लागतं, आणि अभ्यासक्रमात काही कमी निघालं तर इथे प्रशिक्षण किंवा परीक्षा. तोवर सहायक म्हणून काम करता येतं. त्यामुळे नवऱ्याच्या ब्लू कार्डावर आली तरी पहिल्या दिवसापासून नर्स म्हणून लागेल असं धरू नका. चांगली गोष्ट ही की नर्सकडून पैसे घ्यायचेच नाहीत, सगळा खर्च हॉस्पिटलने करायचा, या अटीवर जर्मन सरकार एजन्सींना दर्जाचं चिन्ह देतं. तिच्याकडे कोणी पैसे मागितले तर तिथूनच उठून या. सुनेने आजपासून क्लास लावावा, मुलाच्याही आधी.

लंडनचा तो रस्ता बंद झाला. बाहेरून नव्या केअर वर्करची भरती ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून थांबवली, आणि स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंडांवर नेली. याच्या पुढे कोणी नव्याने लंडनच्या केअरची स्पॉन्सरशिप विकत असेल तर ती कागदाची होडी. पोरगा तिशीच्या आत असेल तर ब्रिटनच्या यंग प्रोफेशनल्स व्हिसाची लॉटरी आहे, वर्षाला तीन हजार भारतीय, नाव घालायला पैसे लागत नाहीत. नाव घालून विसरून जा. अमेरिकेचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५ पासून बाहेरच्या माणसासाठी नव्या एच-वन-बी, म्हणजे तिकडच्या नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जावर एक लाख डॉलर लावले आहेत. बुटीबोरीच्या डिझायनरसाठी ते कोण भरणार?

प्रेषक: प्रतापनगर, नागपूर

सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणते मग जर्मनच शिका. दोघंही येत्या सोमवारपासून संध्याकाळच्या क्लासला जाणार, ड्युटी सांभाळून. श्टुटगार्टच्या ताईंना विनंती, मुलाचा बायोडाटा एकदा नजरेखालून घालाल का? सोबत जोडत आहे.

प्रेषक: श्टुटगार्ट

जोडलेला पाहिला, आणि सूत्रधारांना सांगून तो यादीवरून काढून घेतला. त्यात पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, तुमच्या घराचा पत्ता, सगळं होतं, आणि ही यादी पाचशे लोक वाचतात. ते सगळं खोडून फक्त मला पाठवायला सांगा. आणि ‘जबाबदाऱ्या’ खाली नुसतं ‘डिझाइनचं काम’ असं लिहिलंय, तिथे कुठलं सॉफ्टवेअर, कुठले सुटे भाग, किती टॉलरन्स, हे लिहू दे. इथला माणूस आधी तेच वाचतो.