‘सॅल्व्हर’ म्हणजे नेमका कोण? अर्थ आणि व्युत्पत्ती हवी आहे

शब्दवेल्हाळ: सागरी विम्याच्या मजकुराचा अनुवाद करताना ‘सॅल्व्हर’ हा शब्द अडतो. एका कोशात ‘तबक’ दिलं आहे, दुसऱ्यात ‘वाचवणारा’. ‘तारणहार’ चालेल का? आणि शब्द आला कुठून?

दर्यावर्दी: आधी स्पेलिंग बघा. शेवटी ओ-आर असेल तर संकटातलं जहाज किंवा त्यावरचा माल वाचवणारा, ई-आर असेल तर तबक. उच्चार जवळपास सारखाच, म्हणून घोटाळा होतो.

‘तारणहार’ नको. तारणहार मोबदला मागत नाही, सॅल्व्हरचा मात्र तो हक्कच असतो. 1989 च्या आंतरराष्ट्रीय सॅल्व्हेज करारानुसार मदत उपयोगी पडली तरच पैसे मिळतात. ‘नो क्युअर, नो पे’ म्हणतात ते हेच. शिवाय मोबदला वाचलेल्या मालमत्तेच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकत नाही. जहाजाने पर्यावरणाला धोका असेल, तर मात्र जहाज वाचलं नाही तरी सॅल्व्हरला खर्च मागता येतो. त्याच जहाजावरचे खलाशी आपलं ठरलेलं काम करत असतील तर ते सॅल्व्हर ठरत नाहीत. माणसं वाचवली तर त्यांच्याकडून काही घेता येत नाही. दाव्याची मुदत काम संपल्यापासून 2 वर्षं.

धातुपाठ: लॅटिन ‘साल्वुस’ म्हणजे धडधाकट, सुखरूप. त्यावरून ‘साल्वारे’, वाचवणे. फ्रेंचमार्गे 17व्या शतकात ‘सॅल्व्हेज’ इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ वाचवण्याबद्दलचा मोबदला असा होता. वाचवण्याची क्रिया हा अर्थ नंतरचा. ‘सेफ’ याच घरातला. आणि आपला ‘सर्व’सुद्धा! मूळ कल्पना ‘अखंड, पूर्ण’ अशी. ग्रीक ‘होलोस’ही तिथलाच.

तबकही परकं नाही. स्पॅनिश ‘साल्वा’ म्हणजे धन्याच्या ताटात विष नाही ना, हे आधी चाखून पाहणं. ते ज्यातून पुढे करायचे ते ‘सॅल्व्हर’. मलम या अर्थाचा ‘साल्व्ह’ मात्र वेगळ्या कुळातला. तो संस्कृत ‘सर्पिस्’चा, म्हणजे तुपाचा, नातेवाईक.

शब्दवेल्हाळ: मग ‘तारण’ वापरून काही शब्द घडवता येईल?

दर्यावर्दी: विम्याच्या कागदात अजिबात नको, वाचणारा ‘गहाण’ समजेल. ‘सॅल्व्हर’ तसाच ठेवा आणि व्याख्येच्या कलमात एकदा ‘संकटातील जहाज वा माल वाचवणारी व्यक्ती किंवा संस्था’ असं लिहा. खरी अडचण ‘सॅल्व्हेज’ची आहे. काम, त्याचा मोबदला आणि वाचलेला माल या तिन्हींना इंग्रजीत तो एकच शब्द. मराठीत ‘बचावकार्य’, ‘बचाव-मोबदला’, ‘बचावलेला माल’ असे वेगळे करा, नाहीतर कोण कोणाला काय देणं लागतो हेच कळणार नाही.

धातुपाठ: मोटार विम्यात पुन्हा अर्थ बदलतो. तिथे ‘सॅल्व्हेज’ म्हणजे अपघातग्रस्त गाडीचे अवशेष. समजा पूर्ण नुकसानीचा दावा 5 लाखांचा, अवशेषांची किंमत 1 लाख आणि ते मालकाने स्वतःकडे ठेवले, तर हातात साधारण 4 लाख येतात. तिथे ‘अवशेष-मूल्य’ लिहा.