जिप्सीचा मागचा ॲक्सल शाफ्ट दात्यांपाशी तुटला: आतला तुकडा कसा काढू, कुठला शाफ्ट घेऊ?

घाटवाट
गाडी मारुती जिप्सी एमजी 413 डब्ल्यू, वाइड ट्रॅक. टायर 235/75 आर 15, डिफ (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी) साधा, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारी सोय) नाही. चढावर मागचं डावं चाक हवेत फिरत होतं, जमिनीला टेकलं आणि तुटलं. शाफ्ट (डिफपासून चाकाला फिरवणारा दांडा) बाहेर आलाय, पण टोकाचे दाते डिफमध्येच अडकलेत. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग काळपट, गुळगुळीत, त्यावर कमानीसारख्या बारीक रेषा. उरलेला चकचकीत आणि खरबरीत.
डिफ न उतरवता तुकडा निघेल का? शाफ्ट कंपनीचा घेऊ, लेथवर बनवून घेऊ की क्रोमोलीचा (जास्त मजबूत मिश्र पोलादाचा)? आणि जुना वेल्ड करून तात्पुरता चालेल का?

चिखलगाडी
वेल्डिंग नको, तात्पुरतंही नको. शाफ्टला उष्णता प्रक्रिया करून कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या कडेचा तो कडकपणा जातो किंवा तिथे ठिसूळ पट्टा तयार होतो. पुन्हा तुटणार हे नक्की, आणि तेव्हा गाडी कुठे असेल ते आपल्या हातात नाही.

रानात अडकलेल्यांसाठी: बेअरिंगच्या आत, दात्यांपाशी तुटलं असेल तर चाक जागेवर राहतं. मागचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्स्फर केसपासून डिफपर्यंतचा दांडा) सोडा, पुढचे हब लॉक करा, फोर हायमध्ये (फोर-व्हील ड्राइव्हच्या वरच्या गिअरमध्ये) पुढच्या चाकांवर हळू बाहेर या. बेअरिंगच्या बाहेर, फ्लँजजवळ (चाक बसतं त्या चकतीजवळ) तुटलं असेल तर ड्रमसकट चाक निघून येतं. ती गाडी टोइंगनेच न्यायची. आणि ज्या गाडीचा हँडब्रेक ट्रान्स्फर केसपाशी (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीपाशी) प्रोपेलर शाफ्टवर आहे, तिथे शाफ्ट तुटल्यावर हँडब्रेकही धरत नाही, गिअरही धरत नाही. गाडीखाली जाण्याआधी चाकांना दगड लावा.

सह्याद्री_फोरबायफोर
घाटवाट, खरेदीच्या आधी त्या तोंडाकडे नीट बघा. काळपट निम्मा भाग म्हणजे जुनी चीर. ती हळूहळू वाढत गेली, डिफचं ऑइल आत शिरून काळी पडली. त्या दिवशी तुटला तो फक्त चकचकीत भाग. एका झटक्यात तुटलेल्या शाफ्टचं तोंड सगळंच ताजं दिसतं, आणि बहुतेक वेळा दाते पिळलेले असतात.

त्यामुळे चीर का पडली ते आधी शोधा. टायरचा हिशेब सोपा आहे: कंपनीच्या 205/70 आर 15 चा व्यास 668 मिमी, तुमचा साधारण 733. तेवढ्याच पकडीला शाफ्टवर जवळजवळ 10 टक्के जास्त पीळ येतो. पण मला जास्त संशय हाउसिंगचा (शाफ्ट आणि डिफ ज्यात बसतात त्या ॲक्सलच्या नळीचा) आहे. हाउसिंग वाकलं की शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात वाकतो आणि सरळ होतो, आणि चीर तिथूनच सुरू होते. मागच्या दोन्ही चाकांमधलं अंतर टायरच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर मोजा. दोन्ही सारखं यायला हवं. त्याच बाजूचं ऑइल सील वारंवार गळत असेल तर तीही खूण. नवा शाफ्ट हाताने सरकत जाऊन दात्यांत बसला पाहिजे. टोक उचलून, हलवून बसवावा लागला तर हाउसिंग सरळ करून घ्या, नाहीतर नवाही तसाच जाईल.

उजवा शाफ्टही बाहेर काढा. त्यानेही तेवढाच मार खाल्लाय. डाय पेनिट्रंटचा (बारीक चिरा दाखवणारा) लाल रंग मारा, पुसा, पांढरा डेव्हलपर फवारा. दात्यांच्या मुळाशी लाल रेघ उमटली तर तोही बदला.

आता तुकडा. उजव्या बाजूने लांब गज घालून ठोकायचा सल्ला मिळेल, पण डिफच्या मधोमध क्रॉस पिन आडवी असते, गज तिच्यावरच आपटतो. दांडीवरचा जोरदार चुंबक वापरा. नुसता चुंबक नळीच्या भिंतीलाच चिकटत राहतो, म्हणून तो प्लास्टिकच्या पाइपात बसवा, फक्त तोंड उघडं ठेवा. दाते पिळले नसतील तर तुकडा निघतो. पिळले असतील तर दोन्ही शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्ट काढून डिफ पुढून उतरवायचा आणि बाकावर क्रॉस पिन काढून तुकडा बाहेर ठोकायचा. माझं मत विचाराल तर तुकडा चुंबकाने निघाला तरी डिफ उतरवाच. क्राउन-पिनियनमध्ये (डिफच्या मुख्य गिअरजोडीत) पोलादाचा एक कण सापडला तर दाताला खड्डा पडतो, आणि ते काम शाफ्टच्या कितीतरी पट महाग आहे. हाउसिंग डिझेलने धुवा, नळ्यांत फडकं ओढून घ्या.

लेथवाला
शाफ्टबद्दल. डावा-उजवा लांबीने वेगळे, नॅरो आणि वाइड ट्रॅकचेही वेगळे. जुना नमुना सोबत न्या, लांबी मोजा, दाते मोजा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला इथे शोधता येईल. सेकंडहँड घेतलात तर डाय पेनिट्रंट केल्याशिवाय बसवू नका.

लेथवर बनवायचा तर ईएन 24 (मजबूत मिश्र पोलाद) सांगा, आणि हार्डनिंग-टेंपरिंग करून, हार्डनेस मोजून द्यायला सांगा. ईएन 8 चा (साध्या कार्बन पोलादाचा) नुसता कातलेला शाफ्ट बघायला हुबेहूब असतो, पण पहिल्याच जड चढावर पिळतो. दात्यांच्या शेवटी धारदार कोपरा ठेवू नका, गोलाई हवी. चीर त्या कोपऱ्यातूनच निघते.

क्रोमोली लॉकरवाल्यांनी घ्यावा. साध्या डिफला गरज नाही. शाफ्ट मजबूत केला की पुढचा कमजोर भाग क्राउन-पिनियन ठरतो, आणि शाफ्ट बदलणं त्यापेक्षा फार सोपं आहे.

घाटवाट
मनापासून आभार. बेअरिंग जुनंच नव्या शाफ्टवर चढवू का? सामान काय काय आणू?

सह्याद्री_फोरबायफोर
नवं बेअरिंग, नवी रिटेनर रिंग (बेअरिंग शाफ्टवर धरून ठेवणारी कडी), नवं ऑइल सील. रिंग एकदा निघाली की टाकायची, कारण बेअरिंग आणि पर्यायाने चाक तिच्याच घट्टपणावर टिकून आहे. उजवा शाफ्ट ठेवणार असाल तर त्याची रिंग ग्राइंडरने जवळजवळ आरपार घासा आणि छन्नीने फोडा. ग्राइंडर शाफ्टला लागू देऊ नका. त्या ओरखड्यातून नवी चीर सुरू होईल.

चढवताना क्रम पाठ करा: आधी ब्रेकची बॅकप्लेट (ड्रममागची पाठीची पत्रा-चकती), मग बेअरिंग, मग रिंग. बॅकप्लेट विसरलात तर ती रिंग फोडण्याशिवाय मार्ग नाही. बेअरिंग आणि रिंग हायड्रॉलिक प्रेसवर, एकेक करून. बेअरिंगच्या आतल्या रेसवरच (कड्यावरच) दाब द्या. हातोडा अजिबात नाही.

शाफ्ट आत सरकवताना सीलच्या ओठाला ऑइल लावा आणि दाते त्याच्यावर घासू देऊ नका. हाउसिंग आणि बॅकप्लेटच्या मध्ये सीलंट. ब्रेकची नळी सोडलेली असते, तेव्हा ब्लीडिंग (ब्रेकमधली हवा काढणं) करावंच लागेल. लायनरला गिअर ऑइल लागलं असेल तर धुऊन भागत नाही, बदला.

ऑइल 80 डब्ल्यू 90, जीएल 5. मागच्या डिफला साधारण दीड लिटर लागतं. तुम्ही चार लिटर आणा, पुढे कारण लिहितो. फिलर प्लगच्या कडेपर्यंत भरा. ब्रेक फ्लुइड पाव लिटर, सीलंटची एक ट्यूब. आणि हाउसिंगवरचा ब्रीदर (हवा जाण्याचं भोक) उघडा आहे का बघा: चिखलाने बुजला की आत दाब वाढतो आणि नवं सीलही गळतं.

चिखलगाडी
चार लिटरचं कारण: पहिले 50 किलोमीटर डांबरावर चालवा, मग ऑइल गरम असताना काढा, चाकांचे नट पुन्हा आवळा. ड्रेन प्लगवर राखाडी लगदा असेल तर ठीक. सुईसारखे कण किंवा कपऱ्या दिसल्या तर दुसरं ऑइल भरू नका, डिफ पुन्हा उतरवा.