लास्ट एग्झिटचा 'आयर्न पाथ': स्टुडिओत जाऊन धार गेली का?

कर्कश:
ब्रॉट्झमनचा सॅक्सोफोन, सनी शॅरॉकची गिटार, बिल लॅझवेलचा बास, रोनाल्ड शॅनन जॅक्सनचे ड्रम्स. फ्री जॅझ (ठरलेल्या चालीशिवाय, सुचेल तसा वाजवलेला जॅझ) आणि हेवी रॉकची खरी टक्कर ऐकायची तर या चौघांच्या लास्ट एग्झिट बँडची. पण १९८८चा 'आयर्न पाथ', म्हणजे त्यांचा एकमेव स्टुडिओ अल्बम, मला अजिबात पटत नाही. १९८६ला पॅरिसच्या मंचावर ते तालमीशिवाय एकमेकांवर तुटून पडले, ते पहिल्या रेकॉर्डवर आहे. इथे काय? दहा तुकडे, सगळे मिळून चाळीस मिनिटंही नाहीत. शॅरॉक जरा पेटतोय म्हणावं तोवर पुढचा तुकडा सुरू. कढत रस्सा निवेपर्यंत थांबून वाढल्यासारखं वाटतं.

मंद्रसप्तक:
साफ असहमत. लाइव्ह रेकॉर्डांवर लॅझवेलचा सहा तारांचा बास नुसता घरघरतो. इथे त्याचा एकेक स्वर वेगळा कळतो. शॅरॉक तारेवरून स्लाइड (बोटात घालायची नळी) ओढतो, तेव्हा धातू घासल्याचा तो आवाजसुद्धा ऐकू येतो. यातलं 'प्रेयर' हेडफोनवर ऐका, कसं सावकाश चढत जातं. आणि आधी ठरवून वाजवलं की आग विझते हे कुणी सांगितलं? ब्रॉट्झमनचंच १९६८चं 'मशीन गन' रेकॉर्ड घ्या. आठ जण, बांधलेली रचना, तरी कानठळ्या बसतात.

कर्कश:
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत की! 'मशीन गन' सतरा मिनिटं चालतं. तेवढी जागा मिळाली तर ब्रॉट्झमन काहीही करेल. तीन-चार मिनिटांत तो फक्त हजेरी लावतो.

रात्रपाळी:
अवांतर: लॅझवेल म्हणजे झाकीरभाईंबरोबर तबला बीट सायन्स हा बँड करणारा तोच ना?

मंद्रसप्तक:
तोच. साउंडचा कान पक्का आहे त्याचा. शॅरॉकचा १९९१चा अल्बम 'आस्क द एजेस' ऐकलात का? त्याच्याबरोबर सॅक्सोफोनवर फॅरो सँडर्स, ड्रम्सवर एल्विन जोन्स, आणि निर्मितीत हाच लॅझवेल. दम्यामुळे सॅक्सोफोन हुकला आणि शॅरॉक गिटारकडे वळला. या अल्बमवर त्याची गिटार अक्षरशः सॅक्सोफोनसारखी श्वास घेते. मला तरी त्याची बीजं 'आयर्न पाथ'मध्येच दिसतात.

टिपरी:
कर्कश +१. यांच्याच टोकियोच्या लाइव्ह रेकॉर्डवर, 'द नॉइज ऑफ ट्रबल'मध्ये, पियानोवादक हर्बी हॅनकॉक पाहुणा म्हणून येतो आणि रंगच पालटतो. पुढच्या क्षणी काय होईल याचा नेम नसणं, हीच तर या बँडची खासियत. नुसता स्वच्छ आवाज हवा तर दुसरे बँड काय कमी आहेत?

मंद्रसप्तक:
बेभरवशाचं ऐकायचंय ना, मग यांच्या १९८९च्या कार्यक्रमांचं लाइव्ह रेकॉर्ड 'हेडफर्स्ट इंटू द फ्लेम्स' लावा. स्टुडिओतून बाहेर पडल्यावरही हे मंचावर तसंच जाळत होते. धार गेली म्हणताय, तर नेमकी कुठे गेली ते मिनिट-सेकंदासकट लिहा. मग बोलू.