डांग्या खोकल्याच्या पीसीआरचे दोन रिपोर्ट दोन तऱ्हेचे, कुठला खरा धरायचा?

रंकाळ्याकाठची

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. मी बाळंतपणाला माहेरी कोल्हापुरात आलीय, बाळ 5 आठवड्यांचं आहे, पहिलं पेंटाव्हॅलंट (डांग्या खोकला धरून पाच आजारांची लस) अजून व्हायचंय. आईला खोकला आहे, आता चौथा आठवडा सुरू झाला, ताप नाही, एक्सरे क्लिअर, पण रात्री एकदा उबळ आली की श्वास घ्यायला उसंत नाही, तोंड लालबुंद, शेवटी उलटी होते मगच थांबतं. आणि बाळाची अंघोळ मालीश सगळं तिच्याच हातात!! छातीचे डॉक्टर म्हणाले डांग्या खोकला असू शकतो. मी म्हटलं तो तर लहान मुलांचा आजार ना, तर म्हणे मोठ्यांनाही होतो, लहानपणीच्या लसीचा जोर काही वर्षांत ओसरतो.

तर पहिली टेस्ट दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, लॅबचा मुलगा घरी आला, घशातून स्वॅब घेतला, रिपोर्ट निगेटिव्ह. डॉक्टरांनी तरीही ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, आईने 3 गोळ्या घेतल्या आणि पोट बिघडलं म्हणून आपली आपणच बंद केली (मला दोन दिवसांनी सांगितलं). मग परत नाकातून स्वॅब, या वेळी दुसरी लॅब. काल रिपोर्ट आला, त्यात आयएस481 डिटेक्टेड, सीटी 37.8, आणि खाली शेरा इंडिटरमिनेट. म्हणजे आहे की नाही? आमचे डॉक्टर सोमवारपर्यंत बाहेरगावी आहेत. कुणाला यातलं कळत असेल तर प्लीज सांगा.

पेठेतला_पैलवान

ताई कशाला टेस्टच्या नादाला लागताय, अडुळशाचा काढा द्या, रात्री ज्येष्ठमध तोंडात धरायला सांगा, आमच्या आजीनं अख्खी गल्ली बरी केलीय त्यावर. बाळाला पण मधाचं बोट चाटवा, घसा मऊ राहतो. ह्या लॅबवाल्यांचा निसता धंदा हाय बगा.

नळी_आणि_नमुना

पैलवान, काढा आईंना खुशाल देऊ दे, पण बाळाला मध अजिबात नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम होऊ शकतो.

ताई, मी 11 वर्षं लॅबमध्येच काम करतोय म्हणून लिहितो. पहिला निगेटिव्ह विसरा. हा जंतू नाकाच्या पार मागं, जिथं नाक संपून घसा सुरू होतो तिथल्या बारीक लव असलेल्या पेशींना चिकटून बसतो. घशात लाकडी काडी दाबून घेतलेला स्वॅब या टेस्टला चालतच नाही, नाकाच्या तोंडाशी फिरवलेलाही नाही. पातळ लवचिक दांडीचा पॉलिस्टर नाहीतर नायलॉनचा स्वॅब नाकातून आडवा सरळ आत घालायचा, मागं टेकला की थोडा वेळ तिथंच ठेवून फिरवायचा. डोळ्यातून पाणी आलं नाही तर समजायचं पोचलाच नाही. घरी येणारी पोरं रोज वीस घरं करतात, त्यांना कुणी हे शिकवलेलं नसतं, मी त्यांनाही दोष देत नाही.

आता दुसरा. मशीन जंतूचा डीएनए एका फेरीत दुप्पट, पुढच्या फेरीत परत दुप्पट असा वाढवत नेतं, साधारण 40 फेऱ्या. कितव्या फेरीला सिग्नल दिसला तो सीटी. 20 ला दिसला तर नमुन्यात जंतूंची जत्रा आहे, 37.8 ला दिसला तर जेमतेम कण. त्यात आयएस481 हा डीएनएचा तुकडा एकाच जंतूत 50 ते 200 पेक्षाही जास्त वेळा असतो, म्हणून अर्धामुर्धा जंतू मिळाला तरी टेस्ट पेटते. हाच तिचा गुण आणि हीच खोड. वर तोच तुकडा बोर्डेटेला होल्मेसाय नावाच्या चुलतभावातही असतो. म्हणून एवढ्या उशिरा आलेल्या सिग्नलला चांगली लॅब पॉझिटिव्ह म्हणत नाही. तुमच्या लॅबने इंडिटरमिनेट लिहिलं हे प्रामाणिकपणाचं आहे.

एक विचारतो, दुसरा स्वॅब कुठं घेतला?

रंकाळ्याकाठची

बाळाच्याच डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये, तिथली सिस्टर छान घेते म्हणून. लसीकरणाच्या टेबलाशेजारी आईला बसवलं होतं. का हो?

नळी_आणि_नमुना

हेच म्हणत होतो!! आपल्या पेंटाव्हॅलंट आणि डीपीटीत डांग्या खोकल्याचे अख्खे मेलेले जंतू असतात. पीसीआरला जिवंत मेलेलं कळत नाही, तिला फक्त डीएनए कळतो. लस भरताना थेंब टेबलावर सांडला, ग्लोव्हजला लागला, तिथून स्वॅबला लागला की आली उशिराची रेघ. तसंच झालंय असं नाही म्हणत, आईंना खरंच असेल आणि 3 गोळ्यांनी जंतू कमी झाले असतील हेही तितकंच शक्य आहे. पण स्वॅब लसीच्या खोलीत घेऊ नये.

एका टेस्टवर विसंबलं की काय होतं त्याचा आमच्यात प्रसिद्ध किस्सा आहे, अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला डार्टमथ-हिचकॉक हॉस्पिटलमध्ये 2006 साली. स्टाफ खोकायला लागला, पीसीआर केली, बघता बघता जवळजवळ हजार कर्मचाऱ्यांच्या टेस्ट, रिपोर्ट येईपर्यंत घरी बसा, 142 जणांना तुम्हाला डांग्या खोकला दिसतोय म्हणून सांगितलं, हजारोंना लस. नंतर कल्चर लावलं, म्हणजे नमुन्यातून जिवंत जंतू वाढवून बघितले, तर एकाही नमुन्यात जंतू उगवला नाही. साथ नव्हतीच, कसलातरी साधा सर्दीखोकला होता. आमच्या सरांनी हे सांगितलं तेव्हापासून मी सीटी 35 च्या पुढं गेला की आधी ट्यूब धरून बघतो मग कागद.

डॉक्टरीण_बावड्याची

मी बालरोगतज्ज्ञ आहे. वरची माहिती बरोबर आहे पण किश्श्याचा उलटा अर्थ काढू नका प्लीज. तिथं तरणेताठे कर्मचारी होते, इथं लस न झालेलं 5 आठवड्यांचं बाळ आहे. हिशेब वेगळा. मी रिपोर्ट बाजूला ठेवून आईंकडे बघेन, दोन आठवड्यांच्या वर खोकला, उबळ, उबळीनंतर उलटी, ताप नाही, म्हणजे वागायचं ते असल्यासारखंच.

सोमवारची वाट बघू नका, आजच बाळाच्या डॉक्टरांना फोन करा. घरात एकाला संशय असला आणि तान्हं बाळ असलं तर घरातल्या सगळ्यांना प्रतिबंधक ॲझिथ्रो देतात, खोकला असो नसो. आईंचा कोर्स अर्धवट राहिलाय, तो परत कसा द्यायचा ते डॉक्टर ठरवतील. बाळालाही वजनावर डोस देता येतो, पण इतक्या लहान बाळात या औषधाने क्वचित जठराचं तोंड आवळतं, फवाऱ्यासारखी उलटी झाली तर लगेच दाखवायचं, म्हणून मनाने थेंबभरही नको.

आणि नीट ऐका, तान्ह्या बाळात उबळीनंतर श्वास ओढतानाचा तो हूप असा आवाज बऱ्याचदा येतच नाही. खोकलाही नावालाच. श्वास मध्येच थांबणं, ओठ निळे पडणं, दूध सोडणं, यातलं काहीही दिसलं तर रात्री दोन वाजता का असेना, सरळ सीपीआरला (आपलं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळ लहान मुलांचा आयसीयू असेल तिथं.

टेस्टचं म्हणाल तर पीसीआरची वेळ टळत आली. खोकल्याचे पहिले 3 आठवडे तिचे, चौथ्यात नेम नाही, आणि अँटिबायोटिक 5 दिवस झालं की करण्यात अर्थ नाही. कल्चर तर पहिल्या 2 आठवड्यांतलं काम. आता रक्तातली अँटिबॉडी, म्हणजे पर्टसिसच्या (डांग्या खोकल्याच्या) जंतूच्या विषाविरुद्धची आयजीजी, ती साधारण 2 ते 8 आठवड्यांत चांगली कळते. आईंना इतक्यात टीडॅप (मोठ्यांना देतात ती डांग्या खोकल्याची लस) दिलं नसेल तर ती टेस्ट करून घ्या.

पेठेतला_पैलवान

मधाचं मागं घेतो ताई, मला खरंच माहीत नव्हतं. बाळाला संभाळा.

गडहिंग्लजकर

ह्या सगळ्यात मला एवढंच कळलं की आमच्या हिच्या सातव्या महिन्यात डॉक्टर जे टीडॅप घ्या म्हणत होते आणि मी महाग आहे म्हणून टाळलं, ते कशासाठी होतं.

डॉक्टरीण_बावड्याची

27 ते 36 आठवड्यांत घेतात, आईच्या अँटिबॉडी बाळाला पोटातच मिळतात. अजून आठवडे शिल्लक असतील तर उद्याच जा.

रंकाळ्याकाठची

फोन केला लगेच. मला, बाबांना, भावाला सगळ्यांना गोळ्या सुरू, बाळाचं वजन करून त्याचं औषधही दिलं, पहिला डोस माझ्यासमोर सिस्टरने पाजला. आईचं रक्त गेलंय, रिपोर्ट यायचाय. तिचा 5 दिवसांचा कोर्स नव्याने, या वेळी जेवल्यावर, आणि गोळी मी मोजून देते. तोवर ती माडीवर, बाळाजवळ यायचं नाही. मालीश मी करतेय आणि ती वरून व्हिडिओ कॉलवर ओरडतेय, अगं टाळूला तेल कमी पडलं, पाय असा नाही असा ओढ, मधेच उबळ आली की मोबाईल उलटा ठेवते म्हणजे मला दिसू नये. पेंटाव्हॅलंट पुढच्या बुधवारी आहे. सगळ्यांचे आभार, रक्ताचा रिपोर्ट आला की इथंच टाकते.