मदत हवी आहे: ग्रुपमध्ये एकमेकांच्या फोटोंवर खरं बोलायचं कसं? (आणि ऐकून घ्यायचं कसं)

करडी_छटा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज अडलंय म्हणून लिहितेय.

आमचा पुण्यात हौशी फोटोग्राफर लोकांचा एक ग्रुप आहे, वीसेक टाळकी. रविवारी पहाटे कुठेतरी जायचं, फोटो काढायचे, मिसळ हाणायची आणि संध्याकाळी व्हॉट्सॅपवर फोटो टाकायचे. भिगवणचे फ्लेमिंगो झाले, दिवे घाटातली वारी झाली, कासची फुलं झाली. अडचण अशी की काहीही टाका, खाली पडतं काय तर "अप्रतिम", "क्या बात", "लय भारी", चार अंगठे आणि एक बदाम. हललेल्या फोटोला पण बदाम आणि खरंच जमलेल्याला पण बदाम, मग कळणार कसं काय जमलं आणि काय नाही?

तर आता ठरलंय की महिन्यातून एकदा एकाच्या घरी बसून फोटोंवर नीट चर्चा करायची आणि ती घडवून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पहिला विषय जेजुरीची सोमवती अमावस्या, कारण परवाच सगळे जाऊन आलोय.

माझी भीती दोन माणसांबद्दल आहे. एक आमचे काका. बँकेतून रिटायर झालेत, ग्रुपचा कणाच म्हणा, स्वतःच्या गाडीतून चार जणांना नेतात, घरून डबा आणतात, कुणाची लेन्स कॅप हरवली तर तीही त्यांच्याच बॅगेत सापडते. पण फोटो एडिट करताना हात सैल सुटतो हो. भंडारा पिवळा न राहता रेडियमसारखा चमकायला लागतो, माणसांचे चेहरे भट्टीतून काढल्यासारखे, आणि देवळाच्या कळसाभोवती आकाशात पांढरी कड येते. सगळे म्हणतात "वा काका!" आणि मागून मला पर्सनलवर मेसेज करतात की अगं कुणीतरी सांगा त्यांना.

दुसरी एक कॉलेजातली मुलगी. तिची नजर चांगली आहे, आमच्यात कुणाला न दिसणारी गोष्ट तिला दिसते. मध्यंतरी तिच्या एका फोटोवर एका मेंबरने लिहिलं "फोकस कुठाय? डिलीट मार." त्यानंतर ती भटकायला येते, कॅमेरा पण आणते, पण ग्रुपवर एकही फोटो टाकलेला नाही. तो मेंबर खरंतर वाईट नाहीये, त्याचं म्हणणं आमच्या गुरूंनी आमच्या प्रिंट तोंडावर फाडल्यात, आम्ही काय मेलो का.

आणि माझं स्वतःचं असं की मी "सांगा ना काय सुधारू" म्हटलं की उत्तर येतं "छानच आहे गं".

तर कुणी असं काही चालवलं असेल तर सांगा प्लीज. नियम काय ठेवायचे, सुरुवात कुणापासून करायची, आणि काकांना कोण सांगणार?

---

डोंबलाचा_फोकस:

पुण्यात खरं बोलायला मदत लागते हे वाचून डोळे पाणावले. (दिवा घ्या, म्हणजे गंमतीत घ्या)

रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर.

---

रानवाटा:

ताई, आधी तुमच्या तिसऱ्या मुद्द्यावर बोलतो कारण तो सगळ्यात सोपा आहे. "काय सुधारू" या प्रश्नाला "छान आहे" हेच उत्तर येणार, समोरच्याला कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही आणि कुणाला वाईटपणा घ्यायचाय फुकट. त्याऐवजी एकच बारीक प्रश्न विचारा. उदा. "मी इथे शटर १/६० (सेकंदाचा साठावा भाग) ठेवला म्हणजे उधळलेल्या भंडाऱ्याचे ओघळ दिसतील, पण पालखीचे खांदेकरी पण हलले, हे चालतंय का खटकतंय?" आता यावर माणूस बोलतोच. कुणी म्हणेल १/२५० ला घ्यायचा होतास, कुणी म्हणेल खांदेकरी हललेत तेच भारी आहे. दोन्ही तुमच्या कामाचं.

दुसरं, चर्चेचा फोटो व्हॉट्सॅपवर साधा पाठवू नका, तो दाबून लहान करतं आणि मग लोक फोकस गंडलाय म्हणतात तो खरंतर कॉम्प्रेशनचा प्रताप असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. त्या मुलीच्या फोटोचं असंच झालं नव्हतं ना, बघा एकदा मूळ फाइल मागून.

बैठकीत आम्ही (नाशिकचा ग्रुप) काय करतो तर फोटो दाखवायचा, नाव सांगायचं नाही, आणि पहिली दोनेक मिनिटं कुणीही चांगला-वाईट म्हणायचंच नाही. फक्त काय दिसतंय ते बोलायचं. "डावीकडून उजेड येतोय", "माझी नजर आधी त्या लाल फेट्यावर गेली मग पालखीवर", "मागे मोबाईल वर केलेले हात दिसतायत". फोटो ज्याचा त्याने तोंड बंद ठेवायचं. हे ऐकायला फार बाळबोध वाटतं, आमच्याकडे पण लोक हसले होते, पण काढणाऱ्याला समोर बसून कळतं की आपण पालखी दाखवायला गेलो आणि लोक फेटाच बघतायत. पुढे कुणी टीका करायची गरजच उरत नाही बऱ्याचदा.

तोंड बंद ठेवायचा नियम मात्र कडक पाळा, नाहीतर प्रत्येक जण "अहो पण तिथे गर्दीच इतकी होती" वर अर्धा तास घेतो. गर्दी होती, पायऱ्यांवर उभं राहायला जागा नव्हती, सगळं खरं, पण ते फोटोत दिसत नाही.

---

शेवटची_लोकल:

थोडा विरोधी सूर लावतो. हे सगळं मऊ मऊ बोलणं ठीक आहे पण त्यातून फोटो सुधारतो का? मी मुंबईत जुन्या वळणाच्या क्लबात वाढलो. तिथे प्रिंट बोर्डावर लागायची, जज समोर उभा राहून सगळ्यांसमोर सांगायचा हे का नाही चाललं. कान लाल व्हायचे. पण पुढच्या महिन्यात क्षितिज सरळ यायचं.

आणि ही परंपरा आजची नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, म्हणजे फोटोग्राफीचा शोध जाहीर होऊन जेमतेम पंधरा वर्षं झाली होती, आणि भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी त्या मंडळींत होते. एकमेकांचं काम समोर मांडून बघायचं हे तेव्हापासून आहे.

तरी एक मान्य करतो, सलोन स्पर्धांनी (जज फोटो निवडतात त्या प्रदर्शन-स्पर्धांनी) आमचं नुकसान पण केलं. जज एका फोटोला काही सेकंद देणार, मार्क ठोकणार, निवडला किंवा नाकारला, विषय संपला. का ते कुणी सांगत नाही. मग लोक जजला आवडेल तेच काढायला लागले. धुक्यातली बैलगाडी, सुरकुतलेला म्हातारा, खिडकीतून तिरपा उजेड. तेव्हा बैठकीत मार्क देऊ नका एवढं नक्की सांगेन. मार्क आले की लोक फोटो सोडून एकमेकांचे आकडे बघत बसतात.

---

नाटकवाली:

शेवटची_लोकल, कान लाल होऊन तुम्ही टिकलात, जे टिकले नाहीत ते इथे लिहायला आलेच नाहीत ना :)

करडी_छटा, मी फोटोतली नाही पण एकांकिकांच्या तालमीत हाच राडा रोज असतो. आम्ही एक पद्धत वापरतो, लिझ लर्मन म्हणून एक अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका आहे तिने १९९० मध्ये बसवलेली. चार पायऱ्या आहेत. आधी बघणारे सांगतात की त्यांना काय भिडलं, काय लक्षात राहिलं. मग कलाकार स्वतः प्रश्न विचारतो. मग बघणारे प्रश्न विचारतात पण त्यात मत दडवायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी मत, ते सुद्धा आधी विचारून, "रंगांबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?" समोरचा नाही म्हणू शकतो, आणि नाही म्हटलं तर खरंच गप्प बसायचं.

तिसरी पायरी सगळ्यात अवघड, मराठी माणसाला तर फारच. "काका, एवढं भडक का केलंत?" हा प्रश्न नाहीये, ती चापट आहे, फक्त शेवटी प्रश्नचिन्ह लावलंय. "काका, रंग ठरवताना तुमच्या डोक्यात काय होतं?" हा प्रश्न. आणि विचारताना उत्तर ऐकायची तयारी ठेवा, कधीकधी उत्तर असं येतं की आपलंच मत बदलतं.

---

रॉ_वाला:

वाखुसा (वाचनखूण साठवली). फार चांगला धागा.

फक्त तांत्रिक पुरवणी जोडतो, कारण जेजुरी हे खरोखर अवघड प्रकरण आहे आणि "सॅचुरेशन जास्त झालंय" एवढंच म्हणून काकांना काही कळणार नाही.

पिवळ्या रंगात लाल आणि हिरवा चॅनल वर असतो, निळा जवळजवळ नसतोच. कॅमेऱ्याच्या मागे आपण जो साधा पांढरा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघतो तो सगळं ठीक आहे म्हणतो पण त्याच वेळी लाल चॅनल उजवीकडे फुटलेला असतो. मग भंडाऱ्याची ती जी पूड दिसायला हवी, हवेतले कण, ती जाऊन सपाट पिवळा डाग उरतो. वरून सॅचुरेशन वाढवलं की खेळ खल्लास. तेव्हा तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि एक्सपोजर पाऊण-एक स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं म्हणून कॅमेरा आपोआप रंग जुळवतो ते) पण फसतो, सगळी फ्रेम पिवळी बघून तो निळ्याकडे ओढतो आणि पांढरी धोतरं निळसर येतात. डेलाइटला लॉक करा किंवा रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा.

कळसाभोवतीची पांढरी कड म्हणजे एडिटिंगमधला क्लॅरिटी किंवा एचडीआरचा (उजेड-सावलीतला तपशील उठवणारा) स्लायडर जास्त ओढलाय. ही आवडीनिवडीची भानगडच नाही, त्यामुळे बिनधास्त सांगू शकता, शंभर टक्के मोठं करून दाखवा, काकांना स्वतःलाच दिसेल.

आणि काकांना काही बोलायच्या आधी ते एडिट कुठल्या स्क्रीनवर करतात ते विचारा. स्क्रीन फिकी असेल तर माणूस रंग ओढतच राहतो, त्याला तिथे बरोबर दिसत असतं.

---

डोंबलाचा_फोकस:

आलो. वरच्यांनी सगळं सांगितलंच. माझं फक्त त्या "डिलीट मार" वाल्याबद्दल. अशा माणसाला ग्रुपबाहेर काढू नका आणि समजावत पण बसू नका, त्याला काम द्या. प्रत्येक फोटोवर त्याने आधी एक जमलेली गोष्ट शोधायची, आणि ती नेमकी हवी, "छान" म्हणून सुटका नाही. आमच्याकडे एका खडूस मेंबरला हे काम दिलं तर पठ्ठ्या इतक्या बारकाईने बघायला लागला की आता सगळे त्याच्याच तोंडून ऐकायला थांबतात. खडूस लोकांना फोटो नीट दिसत असतो हो, सांगायची पद्धत तेवढी गंडलेली.

दुसऱ्याचा फोटो परस्पर क्रॉप करून ग्रुपवर टाकायचा नाही हा पण नियम करा. "हे बघ असं हवं होतं" म्हणून टाकतात. आधी विचारा, "क्रॉप करून दाखवू का?"

---

रानवाटा:

एक राहिलं. एका बाबतीत हे सगळं पायरीपायरीने बोलणं गुंडाळून ठेवा. कुणी घरट्याचे, पिल्लांचे जवळून काढलेले फोटो टाकले, किंवा भिगवणला फ्लेमिंगो उडावेत म्हणून होडी त्यांच्या अंगावर घालायला लावली असेल, तर तिथे "तुमच्या डोक्यात काय होतं" विचारत बसू नका. लगेच, पण पर्सनलवर, स्पष्ट सांगायचं की हे चालणार नाही.

---

करडी_छटा:

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार.

रॉ_वाला यांचं वाचून काल काकांना फोन केला, सहजच विचारल्यासारखं केलं. ते एडिट करतात मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर, तो म्हणे सरळ बघितला की ठीक, जरा वरून बघितला की सगळं धुतल्यासारखं दिसतं, आणि काका तो चौरंगावर ठेवून वरूनच बघतात. म्हणजे निम्मा उलगडा तिथेच. पण निम्माच हां, कारण मी नाटकवालीचा प्रश्न पण विचारला, तर म्हणाले, "अगं तिथे उभं राहिल्यावर डोळ्याला तसंच दिसतं ना, नाकातोंडात हळद जाते, सगळं सोनं होतं, तुमच्या त्या फिक्या फोटोंत ते कुठाय?" यावर मला पटकन काही बोलताच आलं नाही. आता मला वाटतंय की पिवळ्यावर काही बोलूच नये, फक्त कड आणि सपाट झालेला भंडारा दाखवावा.

त्या मुलीने मूळ फाइल पाठवली नाहीये अजून, मेसेज वाचलाय एवढं दिसतंय. रविवारी भेटेल तेव्हा बघते, ग्रुपवर नाही विचारणार.

आता ताजा प्रश्न: प्रोजेक्टर मिळत नाहीये, ज्यांच्याकडे बसणार आहोत त्यांचा मोठा टीव्ही आहे. चालेल का?

---

नाटकवाली:

पिवळ्यावर मत द्यायचंच असेल तर शेवटी विचारून द्या, टाळू नका. काका एवढं छान बोलले म्हणजे त्यांना ऐकायला पण आवडेल.

---

शेवटची_लोकल:

काकांचं उत्तर वाचून मी पण गप्प झालो. पण चेहरे भट्टीतले आहेत ते सांगा, हळद कितीही उडू दे.

---

रॉ_वाला:

टीव्ही चालेल, पण आधी सेटिंगमध्ये जाऊन व्हिविड मोड काढा, सिनेमा किंवा स्टँडर्डवर ठेवा, शार्पनेस खाली आणा. नाहीतर सगळ्यांचेच फोटो काकांसारखे दिसतील. फोटो पेन ड्राइव्हवर न्या, मोबाईलवरून कास्ट करू नका. आणि जमलं तर प्रत्येकाने आपल्या एका फोटोची ६ बाय ८ ची प्रिंट आणावी, स्क्रीनवरून वाद झाला तर ती उजेडात धरून बघता येते.