रिटेन्शन: कापतात किती, यापेक्षा परत कधी देतात?

गिरणाकाठ
चर्चेसाठी रिटेन्शनचं, म्हणजे ठेकेदाराच्या बिलातून मालक राखून ठेवतो त्या रकमेचं, एक कलम ठेवतो. सावद्याजवळ केळीचं रायपनिंग चेंबर (केळी पिकवायची बंद, थंड खोली) आणि शेड, करार 80 लाखांचा, जीएसटी वेगळा.

"प्रत्येक चालू बिलातून 10 टक्के रक्कम रिटेन्शन म्हणून राखून ठेवली जाईल, मात्र ती करारमूल्याच्या 5 टक्क्यांपुढे जाणार नाही. निम्मी रक्कम काम समाधानकारक पूर्ण झाल्यावर व उरलेली दोषदायित्व कालावधी (6 महिने) संपल्यावर दिली जाईल."

म्हणजे 40 लाखांची बिलं होईपर्यंत 4 लाख कापून होतात, पुढच्या बिलांना हात लागत नाही. 2 लाख काम संपल्यावर, 2 लाख दोषदायित्वाच्या, म्हणजे निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायच्या, सहा महिन्यांनी. माझं मत सरळ आहे: कोटीच्या आतल्या खासगी कामात हे कलमच नको. सळईवाला उधारीवर रिटेन्शन धरू देत नाही, मजुराला बाजाराच्या दिवशी रोख लागते. मग ठेकेदारानेच मालकाला बिनव्याजी कर्ज का द्यायचं?

काळी_माती
कर्ज कसलं भो? फायनल बिल हातात पडलं की फोन उचलणारे ठेकेदार किती, ते सांगा आधी.

आपल्याकडच्या कामात दोष लगेच दिसतच नाहीत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोत्यातली मुरूम भरणी 15-20 सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, रोलर फिरवून केली नाही, दोन-तीन फूट एकदम ढकलली, तर फरशी पहिल्या पावसानंतर बसते, तीही कॉलमच्या कडेने. रायपनिंग चेंबरचं तर आणखी नाजूक. आत 16 ते 18 अंश, बाहेर मे महिन्यात 45. भिंतींच्या पफ पॅनलच्या (आत फोम भरलेल्या उष्णतारोधक पत्र्यांच्या) सांध्यातलं सीलंट एक हात जरी चुकलं, तरी केळी पिकवणारा इथिलीन वायू गळतो, सांध्यावर पाणी धरतं आणि कॉम्प्रेसर बंद व्हायचं नाव घेत नाही.

म्हणून माझा आक्षेप उलटा आहे. नोव्हेंबरात काम संपलं तर सहा महिने मे मध्ये संपतात, पाऊस पडायच्या आधी! 12 महिने हवेत.

कलमकसाई
दोघेही टक्के आणि महिन्यांवर भांडताय. खरा सापळा 'समाधानकारक' या शब्दात आहे. कोणाचं समाधान, कोणत्या तारखेला? असं कलम असेल तर मालक वर्षभर स्नॅग लिस्ट, म्हणजे उणिवांची यादी, वाढवत नेतो. 2 लाख देय झाले की नाही हेच ठरत नाही, आणि दोषदायित्वाचं घड्याळही सुरू होत नाही.

असं लिहून घ्या: ठेकेदाराने काम पूर्ण झाल्याचं लेखी कळवल्यापासून 15 दिवसांत मालकाने उणिवांची एकच यादी द्यावी. यादी आली नाही, किंवा मालकाने आत माल भरून वापर सुरू केला, तर त्या दिवशी काम पूर्ण झालं असं धरावं. फिडिक या आंतरराष्ट्रीय अभियंता-संघटनेच्या रेड बुक या नमुना करारामध्येही निम्मं रिटेन्शन ताबा प्रमाणपत्राला आणि उरलेलं दोषांची मुदत संपण्याला बांधलेलं असतं, ते याचसाठी.

शिवाय दावा करायची मुदत साधारण 3 वर्षं. "बघू, देतो" अशा तोंडी आश्वासनाने ती वाढत नाही. मुदत संपायच्या आत सही केलेली लेखी कबुली लागते.

गिरणाकाठ
वकीलसाहेब, कलम मान्य, पण पैसे अडकलेलेच राहतात ना. त्यापेक्षा 4 लाखांची बँक गॅरंटी द्यावी आणि बिलं पूर्ण घ्यावीत.

कलमकसाई
घाई करू नका. बिनशर्त गॅरंटी म्हणजे मालकाचं पत्र आलं की बँक पैसे देते, काम कसं झालं हे विचारत नाही. कोर्टही फसवणुकीसारखं कारण असल्याशिवाय सहसा थांबवत नाही. रिटेन्शनमध्ये निदान वाद घालायला जागा असते. वर बँक कमिशन घेते आणि बरेचदा मार्जिन म्हणून एफडी अडकवते, म्हणजे काही पैसा तिथेही अडकला.

व्हाउचर_नाना
कराचं कोणी बोललंच नाही. पहिली गोष्ट, रिटेन्शन मूळ रकमेवर कापा, जीएसटीवर नको. 10 लाखांचं बिल, 18 टक्क्यांनी 1.80 लाख कर. कापायचे ते 1 लाख, 1.18 लाख नव्हे. कर सरकारला भरायचाच आहे, तो ठेकेदाराच्या खिशातून का?

दुसरं, मालकासाठी: पूर्ण बिलावर जीएसटीचं क्रेडिट (दिलेल्या कराची वजावट) घेतलं असेल आणि त्या बिलाचे पैसे 180 दिवसांत चुकते झाले नाहीत, तर न दिलेल्या भागापुरतं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर पुन्हा मिळतं, पण मधला हिशेब डोकेदुखीच. रिटेन्शन ठरावीक घटना घडल्यावरच देय होईल असं करारात स्पष्ट असेल, तर तीन महिन्यांहून लांबलेल्या कामात तेवढ्या भागाचं बिल ती रक्कम देय झाल्यावरच काढण्याची बाजू मांडता येते. मोघम कलमावर ती टिकवणं अवघड.

काळी_माती
बरं, पण काम दोन महिने लांबलं तर याच 4 लाखांतून दंड कापायला काय हरकत? पैसे हातातच आहेत.

कलमकसाई
करारात वजावटीचा हक्क लिहिला असेल तर कापा, नाहीतर नाही. रिटेन्शन दोषदुरुस्तीसाठी, उशिराची भरपाई वेगळ्या कलमात. आणि लिहिलं असलं तरी करार कायदा 1872 चं कलम 74 आहेच: ठरलेल्या आकड्याच्या आत, वाजवी तेवढीच भरपाई. कैलाश नाथ असोसिएट्सच्या निकालात (2015) सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुकसानच झालं नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही.

दोषासाठी कापतानाही आधी लेखी नोटीस, दुरुस्तीला मुदत, मग दुसऱ्याकडून करून घेतलेल्या कामाचं बिल. या तीन कागदांशिवाय कापलेलं टिकवणं जड जातं.

काळी_माती
नोटीस देईपर्यंत केळी काळी पडतात, साहेब. चेंबरला 48 तासांची मुदत लिहा, फरशीला 15 दिवस. सगळ्याला एकच मुदत म्हणजे कागदी घोडे.

कलमकसाई
हे मात्र कबूल. तसंच लिहावं.

पत्रे_आणि_पर्लिन
पोटठेकेदाराचं काय? शेडचं फॅब्रिकेशन पहिल्या दोन महिन्यांत संपतं, पण आमचं रिटेन्शन मुख्य ठेकेदाराला मालकाकडून मिळेल तेव्हा. फरशी खचली त्यांची, पैसे अडकले आमचे.

गिरणाकाठ
मुख्य ठेकेदार स्वतःच्या खिशातून कुठून देणार, आप्पा?

पत्रे_आणि_पर्लिन
तेच तर. मालकाने बिनव्याजी कर्ज घेतलं तर अन्याय, तुम्ही आमच्याकडून घेतलं तर व्यवहार! आमची मुदत आमचं काम तपासून घेतल्याच्या तारखेपासून मोजा, मालकाचे पैसे येवोत न येवोत.